जमीन संपते तिथली टपालवाट

हवाई टपालाची कुळकथा निघाली की आपल्याकडे दोन तारखा हमखास सांगतात. 18 फेब्रुवारी 1911 रोजी आंरी पेके याने अलाहाबादहून यमुनेपलीकडच्या नैनीला सुमारे 6,500 पत्रे विमानाने नेली, आणि 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटांनी कराचीहून जुहूला टपाल आणले. यांच्या मधला दुवा पाण्यावरचा आहे आणि तो उगाच विसरला गेला. तो दुवा म्हणजे शॉर्ट कंपनीची ‘कलकत्ता’ ही उडती नाव. विलायतेचे टपाल हवेतून हिंदुस्थानला आले, त्याचे श्रेय वेगाइतकेच या नावेला द्यायला हवे, असे माझे ठाम मत आहे.

30 मार्च 1929 ला इम्पीरियल एअरवेज या विमान कंपनीची लंडन-कराची सेवा सुरू झाली. पत्रांची थैली विमानाने बाझेलला, आगगाडीने आल्प्स ओलांडून जिनोव्हाला आणि तिथून ‘कलकत्ता’मधून भूमध्य सागरावरून अलेक्झांड्रियाला जाई. पुढे कराचीपर्यंत पुन्हा जमिनीवर उतरणारे विमान. सारा प्रवास सात दिवसांचा. नावेचे अंग ड्युरल्युमिनच्या पत्र्याचे, पंखांच्या मधे तीन ज्युपिटर इंजिने, आत 15 उतारूंची सोय. वैमानिक मात्र उघड्यावर बसत. तळाला पायरीसारखी खाच होती. वेग वाढला की तिच्यामुळे पाण्याची पकड सुटे आणि नाव वर उठे. बंदर असले की झाले, धावपट्टी बांधायची गरज नव्हती.

यावर आक्षेप येईल, की समुद्रावर उतरता येणे ही सुरक्षितता नव्हेच. तो खरा आहे. त्याच वर्षी 26 ऑक्टोबरला ‘सिटी ऑफ रोम’ ही ‘कलकत्ता’ जातीची नाव वादळात स्पेझियाजवळ समुद्रावर उतरली आणि बुडाली; सातही जण गेले. खवळलेल्या पाण्यावर टिकून राहणे तिला जमले नाही. पण म्हणून तिची गरज खोटी ठरत नाही. इम्पीरियल एअरवेजने मार्ग सोडला नाही. 1931 मध्ये ‘कलकत्ता’चीच चार इंजिनांची मोठी आवृत्ती, ‘केंट’, भूमध्य सागरावर आणली.

दुसरा आक्षेप आपल्या जवळचा आहे: खानदेशातल्या सावद्याला याचे काय? नाव सावद्याला कधीच येणार नव्हती. मुंबईहून इथली वाट भुसावळवरून, तापी ओलांडून खांडव्याकडे जाणाऱ्या लोहमार्गाचीच. पण आल्प्सपाशीही थैली आगगाडीतच चढत होती, म्हणजे रेल्वे या टपालाच्या कुळातलीच आहे. 23 फेब्रुवारी 1938 पासून ब्रिटनहून हिंदुस्थानला येणारे साधे पत्रही दीड पेनीत हवाईमार्गे येऊ लागले. तेव्हाच्या ‘एम्पायर’ जातीच्या उडत्या नावा राजसमंद आणि ग्वाल्हेरच्या तलावांवर उतरत. खानदेशची थैली तेव्हाही रुळांवरूनच येत राहिली.