नको असलेल्या कपॅसिटरची गोष्ट

मंडळी, या वीकेंडला थोडा इलेक्ट्रॉनिक्सचा इतिहास. घाबरू नका, समीकरणं नाहीत. फक्त बेरीज आणि गुणाकार यांच्यातली एक गंमत आहे.

इंजिनियरिंगला ॲम्प्लिफायरच्या धड्यात एक वाक्य आपण सगळ्यांनी पाठ केलेलं असतं: गेन वाढवला की बँडविड्थ कमी होते. पेपरात ते लिहायचं, मार्क घ्यायचे आणि आयटीत नोकरीला लागायचं. पण असं का होतं आणि त्यातून वाट कोणी काढली, ही गोष्ट धड्यापेक्षा रंजक आहे.

व्हॅक्यूम ट्यूब असो की ट्रान्झिस्टर, त्याच्या इनपुटला आणि आउटपुटला थोडा कपॅसिटन्स असतोच. कोणी मुद्दाम लावलेला नाही, पण काढताही येत नाही. त्याला छोटा हौद समजा. सिग्नल बदलला की दरवेळी तो भरायचा, रिकामा करायचा. फ्रीक्वेन्सी वाढली की हौद भरायच्या आतच रिकामा करायची वेळ येते, आणि सिग्नल मेला.

रेडिओवाल्यांना याचा फारसा त्रास नव्हता. एका स्टेशनचा पट्टा अरुंद, तेवढ्यापुरती कॉइल जोडून ट्यूनिंग केलं की कपॅसिटन्सचा काटा निघतो. पण २ नोव्हेंबर १९३६ ला बीबीसीनं लंडनमधून नियमित टीव्ही प्रक्षेपण सुरू केलं. चित्राचा सिग्नल जवळजवळ शून्यापासून काही मेगाहर्ट्झपर्यंत पसरलेला. पुढे रडारचे पल्स आले, त्यांचीही तीच भानगड. एवढ्या रुंद पट्ट्यावर ट्यूनिंगची युक्ती चालत नाही.

मग ट्यूब वाढवू या की! दहा ट्यूब समांतर जोडल्या तर ताकद दहापट होते, पण हौदही दहापट मोठा होतो. फायदा शून्य. बरं, एकामागे एक जोडू. मग गेनचा गुणाकार होतो, पण फ्रीक्वेन्सी इतकी वाढली की एका ट्यूबचा गेन ०.८ वर आला, तर तीन ट्यूबनंतर उरतो ०.५१. ॲम्प्लिफायर लावून सिग्नल लहान!

याच १९३६ च्या सुमारास ईएमआयमधल्या विल्यम पर्सिव्हल यांनी एक पेटंट मांडलं. वरच्या हिशोबात एक गोष्ट आपण न बोलता गृहीत धरली आहे: सगळ्या ट्यूब एकाच बिंदूला, एकाच वेळी जोडलेल्या आहेत. पर्सिव्हल यांनी तेच सोडून दिलं. दोन शेजारच्या ट्यूबच्या इनपुटमध्ये एकेक छोटी कॉइल घातली. आता कॉइल, कपॅसिटन्स, कॉइल, कपॅसिटन्स अशी साखळी झाली, म्हणजे चक्क एक ट्रान्समिशन लाइन. नको असलेला कपॅसिटन्स त्या लाइनचाच भाग झाला. आउटपुटच्या बाजूलाही तशीच दुसरी लाइन.

हातगाडी रस्त्यानं चालली आहे, आणि थोड्या थोड्या अंतरावर उभा असलेला माणूस ती समोर आली की एक धक्का देतोय, तसं हे काम चालतं. दोन्ही लाइनवर लाटेचा वेग सारखा ठेवला की धक्के बरोबर जुळतात आणि त्यांची बेरीज होते. प्रत्येक ट्यूबचा वाटा ०.८ असला तरी तीन मिळून २.४. असे दोन गट एकामागे एक लावले की ५.७६.

फुकट काहीच नाही अर्थात. प्रत्येक ट्यूबचा निम्मा करंट उलट दिशेला जातो आणि टोकाच्या रेझिस्टरमध्ये जळतो. शिवाय सिग्नलला पोचायला वेळ लागतो. म्हणजे लेटन्सी देऊन बँडविड्थ विकत घेतलेली. एकाच डेटाबेसवर दहा सर्व्हर आदळण्यापेक्षा पाइपलाइन बरी, हे आपल्या लोकांना वेगळं सांगायला नको!

पेटंटकडे बरीच वर्षं कोणाचं फारसं लक्ष गेलं नाही. १९४८ मध्ये गिन्झ्टन, ह्यूलेट, यास्बर्ग आणि नो या चौघांनी 'डिस्ट्रिब्युटेड ॲम्प्लिफिकेशन' नावाचा पेपर लिहून सगळं गणित मांडलं. यातले ह्यूलेट म्हणजे एचपीमधले 'एच'! १९५० च्या दशकात टेक्ट्रॉनिक्सच्या ऑसिलोस्कोपमध्ये ही रचना आली. १९८२ मध्ये रेथिऑनच्या अयासली आणि सहकाऱ्यांनी ती गॅलियम आर्सेनाइडच्या एका चिपवर उतरवली: १ ते १३ गिगाहर्ट्झ, ९ डीबी गेन. ट्यूब गेल्या, पण कल्पना तीच राहिली.

तुमच्या मोबाईलच्या पॉवर ॲम्प्लिफायरमध्ये हे सहसा सापडणार नाही. तिथे बॅटरी वाचवायची असते, निम्मा करंट जाळणं परवडत नाही. पण वायरलेस सर्किट तपासणाऱ्या रुंद पट्ट्याच्या उपकरणांत या जातीचे ॲम्प्लिफायर आजही असतात.

मला यात आवडतं ते हे, की पाठ्यपुस्तकातला नियम चुकीचा नव्हताच. नव्वद टक्के लोक त्याच्याशी भांडत बसले असते. पर्सिव्हल यांनी तो कुठल्या अटीवर खरा आहे तेवढं पाहिलं, आणि ती अट काढून टाकली.