बारा यार्डांवरील भय

धारवाडच्या पश्चिमेस केलगेरी हे गाव आहे. गावाला विस्तीर्ण तलाव आहे आणि गावावरून जाणारा रस्ता पुढे सह्याद्री उतरून गोव्यात पोचतो. अशा गावात ज्या मोकळ्या जागेस मैदान म्हणतात, तेथे गोलखांब क्वचितच असतात. दोन दगड, दोन चपला किंवा दोन दप्तरे ठेवली की गोल तयार होतो. आडवी दांडी नसल्यामुळे चेंडू वरून गेला की आतून गेला हा वाद ठरलेला, आणि तो बहुधा ज्याच्या मालकीचा चेंडू असेल त्याच्या बाजूने सुटतो.

फुटबॉलचे सारे भय ह्या दोन दगडांच्या दरम्यानच जन्मास येते. गडी निवडताना आपले नाव अगदी शेवटी तर येणार नाही ना, चेंडू एखाद्या तापट गृहस्थाच्या अंगणात तर जाणार नाही ना, फुटलेला अंगठा घरी कसा लपवावा, ही सारी भये लहानच; परंतु ज्याला त्याला ती पुरेशी मोठी वाटतात. सर्वांत मोठे भय मात्र निराळे आहे. समोर गोल मोकळा आहे, दोन्हीकडचे गडी थबकून पाहत आहेत, आणि अशा वेळी आपलाच पाय चुकला तर? पायाला लागलेले चार दिवसांत बरे होते. चुकलेला फटका मात्र इतरांच्या तोंडी राहतो.

केलगेरीचा रस्ता घाटाखाली ज्या गोव्यात उतरतो, तेथे हा खेळ फार लवकर रुजला. बार्देशातील शिवोली येथे १८८३ साली आलेल्या विल्यम रॉबर्ट लायन्स ह्या ख्रिस्ती धर्मगुरूने तेथील मुलांना तो शिकविला असे मानतात. पुढे आठच वर्षांनी, म्हणजे १८९१ साली, मुंबईत रोव्हर्स चषकाच्या सामन्यांना आरंभ झाला. गोऱ्या पलटणींची ही स्पर्धा भारतीय नागरिकांच्या संघाने जिंकावयास १९३७ साल उजाडावे लागले. तो मान बंगलोर मुस्लिम्स संघाचा. परंतु १८९१ हे वर्ष दुसऱ्या एका कारणासाठी अधिक महत्त्वाचे आहे. वर सांगितलेल्या भयाला त्याच वर्षी नियमांच्या पुस्तकात जागा मिळाली.

पेनल्टीची कल्पना विल्यम मॅक्रम ह्या गृहस्थाची. आयर्लंडमधील मिलफर्ड गावच्या एका गिरणीमालकाचा हा मुलगा, आणि मौज अशी की तो स्वतः गोलरक्षक होता. गोल होणार असे दिसताच बचावपटूने खुशाल हाताने चेंडू अडवावा किंवा पुढच्या गड्याला पाडावे, हा प्रकार त्याच्या डोळ्यांदेखत नित्य चाले, कारण त्याला पुरेशी शिक्षाच नव्हती. मॅक्रमने १८९० साली नियम सुचविला तेव्हा इंग्लंडात त्याची थट्टा झाली. सभ्य माणसे जाणूनबुजून लबाडी करतील हे गृहीत धरणेच अपमानास्पद, असे तेथील प्रतिष्ठित खेळाडूंचे म्हणणे. १८९१ च्या फेब्रुवारीत स्टोक आणि नॉट्स काउंटी ह्यांच्या सामन्यात गोलरेषेवर चेंडू हाताने अडविला गेला. मिळालेला साधा फटका मारण्यापूर्वी सारा बचाव गोलासमोर भिंतीसारखा उभा राहिला आणि स्टोकचा संघ हरला. त्यानंतर थट्टा ओसरली. जूनमध्ये नियम मंजूर झाला.

हा नियम न्यायाचाच आहे ह्यात शंका नाही. पण न्याय करताना त्याने एक निराळाच प्रसंग निर्माण केला. अकरा जणांचा खेळ क्षणभर थांबतो आणि दोनच माणसे उरतात. मध्ये अंतर बारा यार्डांचे. गोल आठ यार्ड रुंद आणि आठ फूट उंच. गोलरक्षकास गोल झाला तरी कोणी दोष देत नाही. फटका मारणाऱ्याने मात्र गोल केला तर त्यात विशेष काही नाही, आणि चुकला तर त्याला क्षमा नाही.

गोलरक्षकही भयमुक्त असतो असे नाही. इस्रायलमधील काही संशोधकांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २८६ पेनल्टी तपासल्या. शेकडा जवळजवळ २९ फटके गोलाच्या मधल्या भागात आले होते. गोलरक्षक मात्र शेकडा सहाच वेळा मध्ये उभे राहिले. एरवी त्यांनी डावीकडे वा उजवीकडे झेप घेतली. उभे राहणे अधिक फायद्याचे असूनही ते उभे राहत नाहीत. संशोधकांनी दिलेले कारण मनुष्यस्वभावास धरून आहे: झेप घेऊन गोल झाला तर त्याने प्रयत्न केला असे लोक म्हणतात, जागीच उभे राहून झाला तर तो स्वस्थ बघत राहिला असे म्हणतात. चुकण्यापेक्षा चुकताना कसे दिसू ह्याचेच भय मोठे.

स्वतंत्र भारताच्या फुटबॉलचा आरंभच ह्या बारा यार्डांवर झाला. ३१ जुलै १९४८. स्वातंत्र्यास अद्याप वर्ष व्हावयाचे होते. लंडन ऑलिंपिकमधील सामना इलफर्ड येथे फ्रान्सशी होता. नागा प्रदेशातून आलेले डॉ. तालिमेरेन आओ हे संघनायक. संघातील बहुतेक गडी अनवाणी खेळत होते आणि इंग्रज प्रेक्षकांना त्याचे मोठे कौतुक वाटत होते. फ्रान्सने पहिला गोल केला. उत्तरार्धात सारंगपाणी रामन ह्याने बरोबरी साधली. त्या दिवशी भारताला एक सोडून दोन पेनल्टी मिळाल्या. एक शैलेन मन्ना ह्याने घेतली, एक महावीरप्रसादाने. दोन्ही वाया गेल्या. सामना संपावयास जेमतेम एखादे मिनिट उरले असता फ्रान्सने दुसरा गोल केला, आणि २-१ अशा फरकाने भारत स्पर्धेबाहेर पडला.

मोहन बागान क्लबचा बचावपटू मन्ना तेव्हा अवघा तेवीस वर्षांचा होता. पुढे आयुष्यभर लोक त्याला अनवाणी खेळण्याविषयी विचारीत राहिले. इंग्लंडच्या राजाने त्याचे पाय निरखून पाहिले अशी आख्यायिकाही प्रसिद्ध आहे. आख्यायिका गोड आहे; पण त्याच्या बाबतीत खरी लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट पुढची आहे. चुकलेल्या पेनल्टीनंतर तीनच वर्षांनी, १९५१ च्या मार्चमध्ये, दिल्लीस पहिले आशियाई सामने झाले. अंतिम सामन्यात मेवालालच्या एकमेव गोलाने भारताने इराणला हरवून सुवर्णपदक मिळविले, आणि त्या संघाचा नायक होता शैलेन मन्ना.

ह्याचे मोल कळावयास त्याच काळात दुसरीकडे काय घडले ते पाहिले पाहिजे. १६ जुलै १९५० रोजी रिओ द जानेरो येथे विश्वचषकाचा निर्णायक सामना होता. ब्राझीलला केवळ बरोबरी पुरेशी होती. ७९व्या मिनिटाला उरुग्वेच्या घिज्जियाने मारलेला चेंडू गोलरक्षक बार्बोसा आणि जवळचा खांब ह्यांच्यामधून आत गेला. ब्राझील २-१ असा हरला. बार्बोसा २००० साली निवर्तला. मधल्या पन्नास वर्षांत तो गोल त्याच्यामागून कधी सुटला नाही. त्याच्या देशाने त्याची इतर सारी कारकीर्द विसरून तेवढे एकच दृश्य जपून ठेवले. भारताने मन्नाला संघनायक केले. आपल्याकडील लोक अधिक उदार होते असा ह्याचा अर्थ काढणे घाईचे होईल. आपल्या अपेक्षाच लहान होत्या असेही कोणी म्हणेल. पण ज्याच्या पायातून फटका चुकला त्याच्या दृष्टीने ह्या दोन वागणुकींत जन्माचे अंतर आहे.

जाता जाता, त्याच १९५० च्या विश्वचषकास भारताला प्रवेश मिळाला होता आणि संघ गेला नाही. अनवाणी खेळू देईनात म्हणून गेला नाही, ही कथा अद्याप सांगितली जाते. लांबचा प्रवास आणि ऑलिंपिकला त्या काळी दिले जाणारे अधिक महत्त्व ही कारणे जास्त पटण्याजोगी आहेत. अनवाणी पायांचा हिशेब झाला तो दोन वर्षांनी, हेलसिंकीच्या थंडीत. १५ जुलै १९५२ रोजी युगोस्लाव्हियाने भारताचा १०-१ असा धुव्वा उडविला. तो एकुलता एक गोल बंगलोरच्या अहमद खानचा. संघनायक पुन्हा मन्नाच होता. त्यानंतर मात्र बूट सक्तीचे झाले.

१९५६ साली मेलबर्नला गेलेला संघ बूट घालून गेला. त्याला घडविणारे सय्यद अब्दुल रहीम हे हैदराबादचे शाळामास्तर. त्यांच्या हैदराबाद पोलीस संघाने मुंबईच्या कूपरेज मैदानावर १९५० पासून सलग पाच वर्षे रोव्हर्स चषक जिंकलेला. आणि त्या संघाचा आघाडीचा गडी होता नेव्हिल डिसूझा. त्याचे मूळ गाव बार्देशातले आसगाव, शिवोलीपासून फारसे दूर नाही. खेळाचे मैदान मात्र मुंबई. तेथे तो टाटा आणि कॅल्टेक्स ह्या संघांकडून खेळला.

१ डिसेंबर १९५६ रोजी डिसूझाने यजमान ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये एकाच सामन्यात तीन गोल करणारा तो पहिला आशियाई. भारत ४-२ असा जिंकून उपान्त्य फेरीत गेला आणि तेथे समोर उभा राहिला तो युगोस्लाव्हियाच. हेलसिंकीतील दहा गोल ह्या नावाला चिकटलेले होते. चार वर्षांपूर्वी ज्याच्या हातून असा मार खाल्ला, त्याच्यासमोर पुन्हा उभे राहताना पोटात जो खड्डा पडतो त्याला खेळाडूच असावे लागते असे नाही. एकदा नापास झालेला विद्यार्थीही तो ओळखतो. तरीही ४ डिसेंबरला मध्यंतरापर्यंत एकही गोल झाला नाही. मध्यंतरानंतर सातव्या मिनिटाला डिसूझाने गोल केला. भारत पुढे!

हे पुढे असणे दोन मिनिटे टिकले. युगोस्लाव्हियाने बरोबरी केली, तीन मिनिटांनी आणखी एक, आठ मिनिटांनी आणखी एक गोल चढविला, आणि चौथा गोल तर भारतीय बचावपटू सलाम ह्याच्याच पायाला लागून आत गेला. कांस्यपदकाच्या सामन्यात बल्गेरियाने ३-० असे हरविले. चौथा क्रमांक. चार गोलांनिशी डिसूझा स्पर्धेतील सर्वाधिक गोल करणाऱ्या तिघांपैकी एक ठरला. पदक मात्र नाही. इतिहासाच्या पुस्तकात ह्या संघाचे वर्णन यशाचे म्हणून येते आणि ते योग्यच आहे. परंतु ती दोन मिनिटे जे जगले त्यांना चौथा क्रमांक सदैव तसाच वाटला असेल काय, हा प्रश्न राहतोच. डिसूझा १९८० साली पन्नाशी गाठण्यापूर्वीच वारला.

मराठी मुलखात ह्या खेळाचे भय खऱ्या अर्थाने रोजचे आहे ते कोल्हापुरात. तेथे फुटबॉलचे संघ क्लबांपेक्षा तालमींचे. पाटाकडील तालीम, बालगोपाल तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम ही नावेच पाहावीत. कुस्तीच्या आखाड्यांनी चेंडू स्वीकारला तो पेठेच्या अभिमानासकट. शाहू स्टेडियमवर हरलेला गडी दुसऱ्या गावच्या बसमध्ये बसून नाहीसा होऊ शकत नाही. त्याला त्याच संध्याकाळी आपल्याच गल्लीतून घरी जावे लागते. किराणा दुकानदार, शेजारच्या काकू, तालमीतले म्हातारे वस्ताद, ह्या साऱ्यांनी पेनल्टी पाहिलेली असते, आणि ज्यांनी पाहिलेली नसते त्यांना तिची अधिक तपशीलवार माहिती असते. बार्बोसाच्या वाट्याला पन्नास वर्षांत आले त्याचा लहानसा नमुना येथे पन्नास पावलांत पदरी पडतो. फरक इतकाच की पुढच्या रविवारी तीच पेठ त्याच गड्याला पुन्हा मैदानात पाठविते.

ह्याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ साली सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. फिफाच्या कोणत्याही विश्वचषकात उतरलेला तो पहिला भारतीय संघ. अमेरिकेकडून ०-३, कोलंबियाकडून १-२, घानाकडून ०-४. तिन्ही सामने हरले. कोलंबियाविरुद्ध बरोबरीचा गोल झाला तेव्हा दिल्लीचे स्टेडियम आनंदाने उसळले, आणि पुढच्याच मिनिटाला कोलंबियाने तो आनंद परत घेतला. मेलबर्नची दोन मिनिटे एकसष्ट वर्षांनी एका मिनिटावर आली होती.

रहीम मास्तरांचा शेवटचा सामना ४ सप्टेंबर १९६२ रोजी जाकार्ता येथे झाला. इस्रायल आणि तैवान ह्यांना स्पर्धेतून वगळल्याबद्दल भारतीय प्रतिनिधी सोंधी ह्यांनी निषेध केल्यामुळे शहर भारताविरुद्ध खवळलेले होते. बसवर दगड पडतील म्हणून धिप्पाड शीख बचावपटू जर्नेलसिंग खाली बसून प्रवास करी असे सांगतात. त्याच्या डोक्याला आधीच्या सामन्यात टाके पडलेले. त्यामुळे तो बचावात न खेळता आघाडीवर खेळला. संघात गोव्यातील कोलव्याचा फोर्तुनातो फ्रांको होता. रहीम स्वतः कर्करोगाने ग्रासलेले होते. पहिल्या वीस मिनिटांत पी. के. बॅनर्जी आणि जर्नेलसिंग ह्यांनी एकेक गोल केला. दक्षिण कोरियाला अखेरीस एकच परत करता आला. प्रेक्षक भारतीयांची हुर्यो उडवीत होते आणि त्या गर्दीत पाकिस्तानच्या हॉकी संघातील मंडळी भारताच्या बाजूने ओरडत होती. रहीम पुढच्या वर्षी जूनमध्ये वारले. फ्रांको २०२१ सालापर्यंत गोव्यात होता.