शाळेंतील मारामाऱ्यांचा इतिहास

‘आमच्या वेळीं असें नव्हतें’ हें वाक्य प्रत्येक पिढीनें पुढच्या पिढीला ऐकविलेलें आहे. शाळेच्या पटांगणांत दोन मुलें हातघाईवर आलीं कीं तें हमखास कानीं येतें. त्याच वेळीं दुसरे एखादे वडीलधारे म्हणतात, ‘मुलेंच तीं, भांडायचींच!’ एकाच्या मतें जग बिघडत चाललें आहे. दुसऱ्याच्या मतें तें कधीं बदलतच नाहीं. गेल्या पन्नास-साठ वर्षांचा इतिहास पाहिला तर दोघांचेंही म्हणणें टिकत नाहीं. तो इतिहास आपणांपुढें थोडक्यांत मांडावा, एवढाच आजच्या भाषणाचा हेतु आहे.

हा इतिहास सुरू होतो स्वीडनमध्यें. मुलांच्या घोळक्यानें एकट्या मुलाला गांठून छळावें, ही गोष्ट कांहीं नवी नव्हती. परंतु तिला नांव नव्हतें. १९६९ सालीं पेटर-पाउल हाइनेमान या डॉक्टरांनीं तिला नांव दिलें. पक्षी एकवटून शत्रूवर तुटून पडतात, त्या क्रियेसाठीं प्राणिशास्त्रांत जो शब्द होता तोच त्यांनीं मुलांच्या वर्तनाला लावला. ज्या दुःखाला नांव नाहीं त्याची तक्रार तरी कशी करावी? नांव मिळालें म्हणजे तें मोजतांही येतें. मोजण्याचें काम डान ओल्वेउस या मानसशास्त्रज्ञांनीं हातीं घेतलें. या विषयावरील त्यांचा ग्रंथ १९७३ सालीं प्रसिद्ध झाला.

तथापि केवळ ग्रंथानें सरकारें जागीं होत नाहींत. १९८२ सालाच्या अखेरीस उत्तर नॉर्वेंत दहा ते चौदा वर्षांच्या तीन मुलांनीं आत्महत्या केली. सोबत्यांनीं केलेला छळ हेंच त्यामागचें कारण असावें, असें दिसून आलें, आणि सारा देश हादरला. १९८३ सालीं तेथील शिक्षणखात्यानें देशभर मोहीम सुरू केली. बर्गेन शहरांतील ४२ शाळांत सुमारें २,५०० मुलांवर ओल्वेउस यांनीं तिचा परिणाम पाहिला. उपाय अगदीं साधे होते. मुलांकडून निनावी उत्तरें घेऊन खरी स्थिति जाणून घ्यावी. मधल्या सुटींत शिक्षकांनीं पटांगणावर हजर राहावें. वर्गाचे नियम स्पष्ट असावेत. छळणारा आणि छळला जाणारा, दोघांशीं व त्यांच्या आईबापांशीं बोलावें. दोन वर्षांत छळाचें प्रमाण जवळ जवळ निम्म्यानें उतरलें. परंतु रोगालँड प्रांतांत तीन वर्षांनीं पाहणी झाली, तेव्हां तसें यश आढळलें नाहीं. मोहीम जाहीर करून भागत नाहीं. ती रोज चालवावी लागते, हा त्यांतील धडा.

एकानें दुसऱ्याला सतत छळणें आणि दोघांनीं मारामारी करणें या गोष्टी एक नव्हेत. मारामारीची मोजणीही पुढें अनेक देशांत होऊं लागली. अमेरिकेंत १९९१ सालीं नववी ते बारावीच्या विद्यार्थ्यांपैकीं शेंकडा ४२ हून अधिक जणांनीं, वर्षभरांत आपण एकदां तरी मारामारी केली, असें सांगितलें होतें; २०१७ सालीं हें प्रमाण शेंकडा २४ च्या आंत आलें. युरोप व उत्तर अमेरिकेंतील ३० देशांची २००२ ते २०१० या काळांतील आंकडेवारी तपासली गेली, तेव्हां १९ देशांत मारामाऱ्या कमी झालेल्या दिसल्या. श्रीमंत देशांत त्या कमी होत्या. मुलांचा हात उगारला जातो तो केवळ रक्तांतील उष्णतेमुळें नव्हे, हें यावरून उघड होतें.

मग कशामुळें? एक उत्तर आपणां मोठ्यांना अवघडून टाकणारें आहे. १९७९ सालीं स्वीडननें शाळेंतच नव्हे तर घरींही मुलांना मारण्यास कायद्यानें बंदी केली. असें करणारा तो जगांतील पहिला देश होय. २०१८ सालीं ८८ देशांतील चार लाखांहून अधिक मुलांची तुलना प्रसिद्ध झाली. बंदी नसलेल्या देशांत वारंवार मारामारी करणारे मुलगे शंभर धरले, तर घरीं व शाळेंत संपूर्ण बंदी असलेल्या देशांत ते ६९ भरले. मुलींचा आंकडा ४२ च होता. अर्थात् कायद्यामुळेंच मुलें शांत झालीं, असें यावरून सिद्ध होत नाहीं. कदाचित् मुळांतच सौम्य असलेल्या समाजांनीं असा कायदा केला असेल. पण छडीनें मुलें शहाणीं होतात, या समजुतीला मात्र या आंकड्यांत कोठेंच आधार सांपडत नाहीं.

इतिहास येथेंच सुखानें संपत नाहीं. २०२१-२२ मधील ४४ देशांच्या पाहणींत मुलांपैकीं शेंकडा १४ आणि मुलींपैकीं शेंकडा ६ मारामाऱ्यांत गुंतलेल्या आढळल्या. त्याच पाहणींत दूरध्वनीच्या पडद्यावरून होणारा छळ वाढत असल्याचेंही दिसलें. मूठ उघडली, पण बोटें दुसरीकडे वळलीं.

आपल्या देशांत २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें शाळेंत मुलांना शारीरिक शिक्षा करण्यास मनाई केली आहे. घराविषयीं मात्र तो कायदा बोलत नाहीं. तेथला कायदा आपण करावयाचा आहे. उद्यां मुलगा पटांगणांतून ओरखडे घेऊन घरीं आला, तर ‘आमच्या वेळीं’ म्हणण्यापूर्वीं त्याच्याजवळ बसून काय झालें तें विचारावें; आणि आपला स्वतःचा हात त्या वेळीं कोठें आहे, इकडेही लक्ष असावें.