रक्तातली खतावणी



मराठीच्या अध्यापकाने प्रथिनांविषयी बोलावे हे धारिष्ट्यच होय. परंतु मी मधुमेही आहे, आणि तेवढ्या अधिकारावर हा इतिहास सांगतो.

प्रथिन तयार झाल्यावरही त्यात रासायनिक फेरफार होत राहतात. त्यांपैकी पुष्कळ शरीर स्वतःच घडवून आणते, कारण पेशीचे व्यवहार त्यांवाचून चालत नाहीत. काही मात्र आपोआप घडतात. साखर आणि अमिनो आम्ले एकत्र तापविल्यास तपकिरी रंग येतो, हे फ्रेंच शास्त्रज्ञ लुई-कामीय मायार यांनी १९१२ मध्ये नोंदविले. पावाची कड खरपूस होते ती ह्याच क्रियेमुळे. अशीच क्रिया आपल्या रक्तात संथपणे चालते, हे उमगण्यास मात्र अर्धे शतक लोटले.

तेहरान येथील सॅम्युएल रहबर हिमोग्लोबिनचे विकृत प्रकार शोधीत होते. मधुमेही रुग्णांच्या रक्तात त्यांना एक वेगळाच पट्टा आढळला, आणि १९६८ मध्ये त्यांनी तो प्रसिद्ध केला. तो आनुवंशिक दोष नव्हता. ग्लुकोज हिमोग्लोबिनला चिकटल्याचा तो परिणाम होता. साखर आटोक्यात आली की हे प्रमाणही उतरते, हे कोनिग, सेरामी आदी अमेरिकन संशोधकांनी १९७६ मध्ये दाखविले.

तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, आणि तोवर ही नोंद तिच्यात टिकते. उपाशीपोटीची साखर ही त्या दिवसाची रोजकीर्द. ‘एचबीए१सी’ ही दोन-तीन महिन्यांची खतावणी. तपासणीपूर्वी दोन दिवस गोड वर्ज्य करून मी डॉक्टरांपुढे सज्जन ठरत असे. ह्या खतावणीने माझे सोंग उघडे पाडले. मात्र रक्तक्षय असल्यास हा आकडाही फसवू शकतो, म्हणून तो डॉक्टरांकडूनच समजून घ्यावा.

हा प्रश्न केवळ आकड्याचा नाही. साखरेच्या अशाच चिकटण्याने रक्तवाहिन्यांतील प्रथिने ताठर होतात. साखरेवर कसून नियंत्रण ठेवल्यास डोळे, मूत्रपिंडे आणि मज्जातंतू यांची हानी कमी होते, हे १९९३ मध्ये अमेरिका-कॅनडातील १४४१ रुग्णांच्या अभ्यासाने सिद्ध केले.

रहबर १९७९ च्या क्रांतीनंतर मायदेश सोडून अमेरिकेत गेले. तेथील मधुमेह संघटनेने त्यांचा गौरव केला तो २०१२ मध्ये, त्यांच्या निधनाच्याच वर्षी. कृतज्ञतेची नोंद अशी उशिरा होते. शरीराची मात्र वेळच्या वेळी होते. तरीही जुन्या पेशी जातात, नव्या येतात, आणि पुढचे पान पुन्हा कोरे मिळते. ते कसे भरावे, हे पुष्कळसे आपल्याच हाती आहे.