परतखरेदीची हमी : पॅरिस, १७२०

क्रिप्टो-प्रकल्प स्वतःचीच टोकन परत विकत घेऊन भाव सावरतात, ती युक्ती ३०० वर्षे जुनी आहे. स्कॉटलंडचा जॉन लॉ फ्रान्सचा अर्थमंत्री असताना, ५ मार्च १७२० रोजी, मिसिसिपी कंपनीचा शेअर ९,००० लिव्र या ठरीव भावाने परत घेण्याची हमी जाहीर झाली. शेअर विकणाऱ्यांची रीघ लागली. पैसा आला कुठून? लुइझियानाच्या व्यापारातून नव्हे. तो जेमतेम नावापुरता होता. कंपनीत नुकत्याच विलीन झालेल्या राजबँकेने नोटा छापल्या आणि काही महिन्यांत त्या जवळजवळ दुप्पट झाल्या. शेअरचा भाव स्थिर राहिला, महागाई मात्र भडकली. नफ्यातून केलेली परतखरेदी निराळी. ही तर एक कागद देऊन दुसरा घेणे होते. २१ मे रोजी शेअरचा भाव टप्प्याटप्प्याने ५,००० वर आणण्याचा हुकूम निघाला. पॅरिस खवळले, आठवड्याभरात हुकूम मागे घेतला गेला. गेलेला विश्वास परतला नाही. डिसेंबरात लॉने फ्रान्स सोडले.