पेटीतली अर्धी कामे

गुरुदीक्षा होऊन आम्हांस तीनच वर्षे झाली होती. ज्या धर्मग्रामात आमची नेमणूक होती, तेथील वार्षिक सणासाठी नवे वेदीवस्त्र करावे असे ठरले आणि भरतकामात हात बसलेल्या एका मावशींनी ते काम आपण होऊन अंगावर घेतले. पांढऱ्या मॅटीवर क्रॉस स्टिचची कडा, कडेने द्राक्षवेल. सण आठ दिवसांवर आला तरी वस्त्राचा पत्ता नाही, म्हणून आम्ही त्यांच्या घरी गेलो. मावशींनी खाटेखालची पत्र्याची पेटी ओढली. वर दोन उशांचे अभ्रे निघाले, एकावरचा मोर पुरा, दुसऱ्यावरच्या मोराला अजून पाय नव्हते. त्याखाली नातवासाठी घातलेले दुपटे, त्याखाली 'शेवटचे भोजन' ह्या चित्राची गुंडाळी. तिच्यात सात प्रेषित भरून झाले होते, बाकीचे कागदावरच होते. भिंतीशी एक गोधडी घडी घालून ठेवलेली. आणि सर्वांच्या तळाशी आमचे वेदीवस्त्र, ज्याची वेल तीन हात पुढे सरकली होती.

त्या रविवारी आम्ही बुरूज बांधणाऱ्या माणसाचा दाखला प्रवचनास घेतला. लूकच्या शुभवर्तमानातील तो माणूस खर्चाचा हिशेब न करता पाया घालतो, काम अर्धे राहते आणि लोक त्याला हसतात. नाव आम्ही घेतले नाही. घेण्याची गरजही नव्हती, कारण सगळे मंदिर एकाच बाकाकडे पाहत होते. मिस्सा संपल्यावर मावशी वस्त्रागाराच्या दाराशी आल्या आणि हळूच म्हणाल्या, "फादर, त्या बुरूजवाल्याच्या घरी पोरं नसतील हो." आम्ही तेव्हा हसलोही नाही. वस्त्र नाताळला आले.

पुढे आमची आई गेली आणि तिची पेटी आम्हांस व बहिणीस उघडावी लागली. त्या पेटीविषयी शेवटी सांगू. ती उघडल्यापासून मात्र सुईकामाच्या इतिहासावर जे हाती लागेल ते आम्ही वाचीत आलो आहो आणि आमच्या त्या प्रवचनात कोठे चूक होती हे आम्हांस हळूहळू उमगले आहे. घरात एकाच वेळी चार-पाच कामे सुरू असणे हा आळशीपणा आहे, असे आम्ही धरून चाललो होतो. इतिहास तसे सांगत नाही.

आमच्या चुकीचे मूळ आमच्या शिक्षणात होते. भरतकाम म्हटले की सेमिनरीत शिकलेल्या माणसाच्या डोळ्यांपुढे मध्ययुगीन धर्मवस्त्रे येतात. तेराव्या-चौदाव्या शतकांत इंग्लंडचे भरतकाम साऱ्या युरोपात नावाजलेले होते आणि 'ओपुस आंग्लिकानुम' म्हणजे 'इंग्रजी काम' हीच त्याची ओळख होती. १२४६ साली पोप इनोसंट चौथे ह्यांनी इंग्रज धर्मगुरूंच्या अंगावरची वस्त्रे पाहिली आणि तेथील सिस्टर्शियन मठाधिपतींना तसेच काम पाठवून देण्याविषयी लिहिले, असे मॅथ्यू पॅरिस हा मठवासी इतिहासकार नोंदवून गेला आहे. ही वस्त्रे बहुतांशी लंडनच्या कारखान्यांत होत. पगारी कारागीर, ठरलेला मोबदला, ठरलेली मुदत. सकाळी चौकटीपुढे बसायचे ते उजेड जाईपर्यंत तेच काम. असे काम एकामागून एक पुरे होते, त्यात नवल ते काय? खाटेखालच्या पेटीकडून आम्ही कारखान्याची शिस्त मागत होतो.

घरातल्या सुईची गोष्ट निराळी आहे. तिची साक्ष काढायची तर ती एका राणीची काढावी, कारण गरीब बायकांच्या पेट्यांची यादी कोणी करीत नसे. स्कॉटलंडची राणी मेरी स्टुअर्ट १५६८ च्या मे महिन्यात आश्रयासाठी इंग्लंडात उतरली आणि कैदी झाली. १५६९ पासून पंधरा वर्षे ती अर्ल ऑफ श्रूझबरी ह्यांच्या पहाऱ्यात होती. त्याच वर्षाच्या आरंभी निकोलस व्हाइट नावाचा अधिकारी टटबरीच्या किल्ल्यात तिला भेटला. हवा वाईट असली म्हणजे दिवस कसा जातो, असे त्याने विचारले. तिने सांगितले की, आपण दिवसभर सुईकाम करतो, रंगांच्या विविधतेमुळे ते कमी कंटाळवाणे वाटते आणि दुखू लागेपर्यंत आपण ते सोडीत नाही. त्याच वसंतात अर्लनेही वर कळविले की, राणी रोज आपल्या पत्नीच्या दालनात येते आणि लेडी लिव्हिंग्स्टन व मेरी सीटन ह्यांच्यासह सुईकाम करीत बसते.

ती काय भरीत होती? ताणलेल्या जाळीदार कापडावर, रेशमाने, क्रॉस स्टिचमध्ये, लहान लहान तुकडे. काही अष्टकोनी, काही क्रुसाच्या आकाराचे. पक्षी, मासे, विलक्षण प्राणी. पुष्कळ आकृती कॉनराड गेस्नर ह्या स्विस निसर्गपंडिताच्या ग्रंथांतल्या चित्रांवरून घेतलेल्या. एका तुकड्यावर तांबूस मांजर आहे आणि जवळ उंदीर. एलिझाबेथचे केस तांबूस होते हे ध्यानात घेतले म्हणजे मांजर कोण हे विचारावे लागत नाही. दुसऱ्या एका कामात आकाशातून उतरलेला हात वेलीचा वांझ भाग कोयत्याने छाटतो आहे. ह्या आकृतीची एक उशी तिने ड्यूक ऑफ नॉरफोकला पाठविली होती आणि राजद्रोहाच्या खटल्यात ती त्याच्याविरुद्ध पुढे आली. १५७२ साली त्याचा शिरच्छेद झाला. सुईकाम निरुपद्रवी असते असे समजणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

आम्हांस अधिक महत्त्वाचे वाटते ते हे की, तिच्या हाती एकच काम कधीच नव्हते. १५७४ साली तिने एलिझाबेथसाठी किरमिजी साटिनचा घागरा रुपेरी जरीने भरून फ्रेंच वकिलातर्फे पाठविला. आणि एकीकडे ते सुटे तुकडे भरणे चालूच होते. टटबरी, विंगफील्ड, चॅट्सवर्थ, शेफील्ड असे तिला सारखे हलवीत असत. ज्या कैद्याला उद्या कोठे नेतील हे ठाऊक नाही, त्याने भिंतभर पडदा चौकटीवर चढवावा कसा? तळहाताएवढा तुकडा मात्र पेटीत टाकता येतो. १५८६ साली चार्टली येथे तिच्या सामानाची यादी झाली. तीत भरून ठेवलेली पण कोठेच न लावलेली फुले, पक्षी, मासे आणि चतुष्पाद प्राणी ह्यांच्या नोंदी आहेत. पलंगाच्या पडद्यांसाठी केलेले हे सुटे तुकडे. ८ फेब्रुवारी १५८७ रोजी फॉदरिंगे येथे तिचा वध झाला तेव्हा तिच्यामागे अपुरी कामे राहिली होती. तिने व श्रूझबरीच्या पत्नीने भरलेले बरेच तुकडे पुढे हिरव्या मखमलीवर जोडले गेले. बेडिंगफील्ड ह्या जुन्या कॅथोलिक घराण्याच्या नॉरफोक परगण्यातील ऑक्सबरो हॉल ह्या वाड्यात ते मांडले गेले आणि त्या वाड्याच्या नावानेच आज ओळखले जातात. पाहणाऱ्याला ते एकसंध पडदे वाटतात. खरे पाहता ती वर्षानुवर्षांची सुट्या कामांची पेटीच भिंतीवर टांगलेली आहे.

अर्लची ही पत्नी म्हणजे हार्डविकची एलिझाबेथ, इतिहासातली बेस. तिच्या घरातल्या एका कामाचा उल्लेख आम्हांस टाळता येत नाही, जरी तो लिहिताना मन थोडे कडू होते. थोर स्त्रियांची चित्रे असलेले तिचे मोठे पडदे १५७० च्या दशकात तयार झाले आणि त्यांत जुन्या धर्मवस्त्रांचे तुकडे कापून लावले आहेत. धर्मक्रांतीनंतर मंदिरांतून बाहेर पडलेली ती वस्त्रे. कारखान्यात पुरे झालेले काम घरच्या कात्रीखाली येऊन पुन्हा अर्धे झाले, असेच म्हणायचे! पुढे नवराबायकोत ह्या मालमत्तेवरून तंटा लागला तेव्हा बेसने सांगितले की, काम बहुतेक घरचे नोकर, बायका व पोरे ह्यांनीच केले, पगारी कशिदेकार एका वेळी एकाहून अधिक कधी नव्हता. मोठ्या घरातही सुई अशीच हातोहात फिरत होती.

क्रॉस स्टिचचा एक गुण येथे सांगितला पाहिजे. जाळीदार कापडाला स्मरणशक्ती असते. फुली कोठे थांबली ते कापडच धरून ठेवते. सहा महिन्यांनी उघडले तरी घरे मोजून पुढे जाता येते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बर्लिनच्या प्रकाशकांनी चौकटीच्या कागदावर हाताने रंगविलेले नमुने विकायला काढले. एक चौकट म्हणजे एक टाका. हा प्रकार घराघरांत का पसरला? तो सोपा होता हे खरेच, पण दार वाजले की खाली ठेवता येत होता, हेही तितकेच खरे. त्याआधीच्या नमुनापटांचेही तसेच. वर्षासह मिळालेला सर्वांत जुना इंग्रजी नमुनापट जेन बॉस्टॉक हिचा, १५९८ सालचा. तो लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. पुढील शतकातले पट अरुंद व लांब असत. ते गुंडाळून ठेवीत आणि सवडीने उलगडीत.

गोधडीच्या घराण्यातील पाश्चात्त्य कामांत तर अपुरेपणानेच इतिहासकारांवर उपकार केले आहेत. इंग्लंडात कागदाचे षटकोन कापून त्यांवर कापडाचे तुकडे दुमडून टाचायचे व मग ते एकमेकांना शिवायचे अशी रीत होती. वर्ष घातलेले सर्वांत जुने ज्ञात ब्रिटिश ठिगळकाम १७१८ चे आहे, तेही कागदावर बेतलेले. काम पुरे झाले की कागद बहुधा काढून टाकीत. जी पांघरुणे अर्धी राहिली त्यांच्या पोटात कागद तसेच राहिले: पत्रांचे तुकडे, वाण्याची बिले, मुलांच्या अक्षरवळणाच्या वह्या, वर्तमानपत्रे. त्यांवरून आज काळ ठरविता येतो. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात सुटे चौकोन मांडीवर जोडण्याची पद्धत रूढ झाली. वरचा थर महिनोन् महिने तुकड्यातुकड्यांनी वाढे. अस्तर व कापूस घालून धावदोरा मारायला मात्र मोठी चौकट आणि मोकळी खोली लागे, शेजारणी लागत. तोपर्यंत तो थर पेटीत वाट पाही आणि दरम्यान दुसरा सुरू होई.

आपल्या जवळचे उदाहरण उत्तर कन्नडच्या सिद्दी स्त्रियांचे. त्यांच्या पूर्वजांपैकी पुष्कळांना पोर्तुगिजांनी आफ्रिकेतून गुलाम म्हणून गोव्यात आणले होते. त्यांच्यात आपले कॅथोलिक बांधवही आहेत. त्यांची 'कवंदी' कडेपासून शिवत शिवत मध्याकडे जाते आणि कोपऱ्यांवर दुमडलेल्या कापडाची 'फुले' बसवितात. वरचा थर आधी जुळवून ठेवावा लागत नाही. जुन्या कपड्यांतून जसा तुकडा हाती येईल तसा तो बसतो. म्हणजे कामच असे योजलेले की ते थांबू शकेल.

वाचता वाचता आम्हांस आईचे दिवस आठवत गेले. मॅटीवरची घरे मोजायला तिला दुपारचा उजेड आणि शांतता लागे. तेवढी अर्धी घटका रोज मिळेच असे नाही. गोधडीचा धावदोरा मात्र शेजारणीशी बोलता बोलता चाले. तो पावसाळा संपून ओटा कोरडा झाल्यावरच, कारण गोधडी पसरायला जागा लागते. बाबांच्या आजारपणात, खाटेशी बसून, तिने फक्त अभ्र्यांच्या कडा दुमडल्या. मोजणी करायची असती तर चुकली असती. तिची चार कामे म्हणजे चार प्रकारच्या वेळा होत्या. एकच काम धरून बसली असती तर बाकीच्या तीन वेळा वाया गेल्या असत्या. बुरूजवाल्याच्या हिशेबाविषयी आम्ही बोललो, पण हिशेब ह्या बायकाच करीत होत्या, आमच्यापेक्षा बारकाईने. सगळेच अर्धे काम निर्दोष असते असे आम्ही म्हणत नाही. नव्या नमुन्याच्या हौसेने जुने टाकणारी माणसे सुईकामातही असतात, आणि आमच्या मेजावर तीन अपुरी भाषांतरे व बाप्तिस्मा-नोंदवहीची अर्धी सूची पडली आहे, तेथे मुले नाहीत की गोधडी नाही.

आईच्या पेटीत काय होते ते सांगायचे राहिले. बहिणीच्या नातीचे दुपटे, जवळजवळ पुरे. एक गोधडी, मध्ये वीतभर जागा उरलेली. ती बहिणीने त्याच हिवाळ्यात पुरी केली. आणि एक स्टोल, आमच्या गुरुदीक्षेच्या रौप्यमहोत्सवासाठी, जो तेव्हा दोन वर्षांवर होता. एका पदरावर गव्हाच्या ओंब्या व प्याला पुरा आहे, दुसऱ्यावर फक्त मोजणीचे धागे आणि तीन ओंब्या. सुई तशीच टोचलेली होती. ती गंजून कापडावर ठिपका पडला आहे. महोत्सव आम्ही दुसरा स्टोल घालून साजरा केला.

मावशींची धाकटी मुलगी आता क्रॉस स्टिच करते. गेल्या महिन्यात आम्ही तो स्टोल तिला दाखविला. तिने कापड उजेडाकडे धरले, घरे मोजली आणि विचारले, "ओंब्यांचा पिवळा कुठला, फादर?" लडीवरचा क्रमांकाचा कागद केव्हाच गेला होता. दुकानदाराने जवळच्या दोन छटा दाखविल्या. कोणती ते आम्हांस ठरविता येईना, म्हणून दोन्ही घेऊन आलो. तिच्या हाती सध्या तीन कामे आहेत. हे चौथे. कधी होईल ते आम्ही विचारले नाही.