दख्खनी महासीरचे जतन : देवाचा डोह आणि मत्स्यबीज केंद्र

महाराष्ट्रातील नद्यांचा इतिहास बहुधा घाट, धरणे आणि पाटबंधारे यांच्या अंगाने लिहिला गेला आहे. नदीतील माशाला त्यात क्वचितच स्थान मिळाले. प्रस्तुत लेखात दख्खनी महासीर या माशाच्या जतनाचे दोन मार्ग ताडून पाहावयाचे आहेत. पहिला मार्ग बव्हंशी अलिखित आहे, तर दुसऱ्याची नोंद कागदोपत्री मिळते.

मुंबई सरकारच्या सेवेत दख्खनची पाहणी करणाऱ्या कर्नल साइक्स याने पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेत मिळालेल्या या माशाचे १८३९ मध्ये 'खुद्री' या नावाने शास्त्रीय वर्णन केले. पावसाळ्यात प्रवाहाविरुद्ध वर चढून हा मासा खडकाळ, वाहत्या पाण्यात अंडी घालतो. उन्हाळ्यात नदी आटली की त्याला खोल डोहांचाच आसरा उरतो. म्हणजे वर्षातील काही महिने नदीच्या लांबलचक पट्ट्यातील प्रजननक्षम मासे दोन-चार डोहांत एकवटलेले असतात. अशा डोहात सुरुंगाची एक कांडी फुटली, तर त्या पट्ट्याचे पुढील पिढीचे बीजच नाहीसे होते.

हे ध्यानात घेतले म्हणजे देवाच्या डोहाचे महत्त्व उलगडते. महाड तालुक्यातील वाळण कोंड येथे काळ नदीच्या डोहातील मासे वरदायिनी देवीचे मानले जातात. वाडा तालुक्यात वैतरणेकाठी तिळसे येथील शिवमंदिराजवळही मासे मारावयाचे नाहीत, असा दंडक आहे. (कोंड या शब्दाचा अर्थच मुळी खोल डोह, गावाचे नावच डोहावरून पडले आहे.) या प्रथांना केवळ श्रद्धा म्हणून बाजूस सारणे योग्य होणार नाही. नेमक्या ज्या जागी मासा सर्वाधिक असुरक्षित असतो, तीच जागा गावाने राखली आहे. मात्र या दंडकाची सत्ता डोहाच्या काठापुरतीच चालते. वरच्या अंगाला बांध पडला किंवा सांडपाणी आले, तर गावापाशी त्यावर उपाय नसतो. देहू-आळंदीच्या इंद्रायणीची आजची अवस्था सर्वज्ञात आहे.

दुसरा मार्ग याच इंद्रायणीच्या उगमप्रदेशात, लोणावळ्यास आखला गेला. टाटांच्या वीज कंपनीच्या तलावांकाठी १९७० च्या सुमारास पक्व माद्यांची अंडी हाताने काढून ती नराच्या शुक्रद्रवाने फलित करण्याचे प्रयोग झाले. मत्स्यशास्त्रज्ञ सी. व्ही. कुलकर्णी यांचा या माशाच्या प्रजननावरील निबंध १९७१ मध्ये मुंबईच्या निसर्गेतिहास संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. धरणाने ज्याची वाट अडविली, त्याच माशाची पैदास धरणाच्या मालकाने करावी, यात विसंगती आहे खरी. पण त्या काळी असे काम हाती घेणारे दुसरे कोण होते? लोणावळ्याचे बीज देशभरच्या जलाशयांत गेले. २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय लाल यादीत 'संकटग्रस्त' ठरलेली ही जात २०२० पर्यंत तुलनेने निर्धोक वर्गात आली.

परंतु हे यश निर्भेळ नव्हते. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या दक्षिण भारतातील एका वन्यजीव संघटनेने, म्हणजे मुख्यतः गळाने मासे पकडणाऱ्या हौशी मंडळींनी, कावेरीचा काही भाग रक्षणासाठी घेतला. तेथील महासीर घटत होता, म्हणून सत्तरच्या दशकात लोणावळ्याचे बीज कावेरीत सोडण्यास प्रारंभ झाला. हेतू शुद्ध होता आणि श्रमही प्रामाणिक होते. कावेरीतला मासा मात्र निराळा होता. नारिंगी परांचा, पाठीवर कुबड असलेला तो प्रचंड महासीर त्याच खोऱ्यापुरता मर्यादित आहे. त्याची शास्त्रीय ओळख २०१८ मध्ये निश्चित झाली आणि त्याच वर्षी त्याची गणना 'अतिसंकटग्रस्त' जातींत झाली. निळ्या परांचा दख्खनी पाहुणा तोवर नदीत रुळून गेला होता.

प्रस्तुत लेखकाच्या मते दोष कृत्रिम प्रजननाच्या तंत्राचा नव्हता. 'महासीर' या एका नावाखाली सर्व नद्यांचे मासे सारखेच मानले गेले, ही खरी चूक. वाळण कोंडच्या ग्रामस्थांकडून ती घडणे संभवनीय नव्हते. त्यांचा मासा त्यांच्या डोहाचा होता, तो अन्यत्र नेण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता.

ही चूक उघडकीस आली ती हौशी मंडळींच्याच नोंदींमुळे, हेही नमूद केले पाहिजे. पकडलेला मासा मोजून परत सोडावयाचा आणि त्याची नोंद ठेवावयाची, हा त्यांच्या छावण्यांचा शिरस्ता होता. १९९८ ते २०१२ या काळातील त्या नोंदी संशोधकांनी तपासल्या, तेव्हा कुबडाचा मासा उतरणीस लागल्याचे आणि निळ्या परांचा वाढल्याचे स्पष्ट झाले. २०१२ मध्ये अभयारण्यातील गळाच्या मासेमारीवर बंदी आली आणि त्याबरोबर या नोंदीही थांबल्या.